लेथवर १ मिमीचं भोक

लेथवर फिरणाऱ्या शिसवीच्या मण्यात किंवा कानातल्याच्या लोलकात १ मिमीचं भोक पाडायचं असेल, तर टेलस्टॉकच्या, म्हणजे लाकडासमोरून बिट पुढे ढकलणाऱ्या भागाच्या, चाकाला हात लावू नका. ते ८-१० मिमीच्या बिटासाठी ठीक आहे. स्क्रूमुळे जोर इतका वाढतो की बारीक बिट आत अडकलंय हे हाताला समजतच नाही. समजतं ते मोडल्यावर. टेलस्टॉक मध्यापासून ०.२ मिमीने सरकलेला असला तर १० मिमीच्या बिटाला फरक पडत नाही, पण १ मिमीच्या बिटाला तो जाडीचा पाचवा हिस्सा आहे. शिवाय बिट पकडणारे १३ मिमीचे बरेच चक एवढ्या बारीक बिटावर नीट आवळलेच जात नाहीत.

बिट पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक बिट आवळणाऱ्या हातातल्या छोट्या मुठीत पकडा, सोनार वापरतात तशा. सुरुवातीला ८-१० मिमीच बाहेर ठेवा. हात टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या पट्टीवर) टेकवा, व्हाइस बोटांत हलकी धरा. बिट अडकलं की व्हाइस बोटांत फिरून जाते आणि बिट वाचतं. हातमोजे नकोत, बाह्या दुमडलेल्या हव्यात आणि चष्मा हवाच.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मधल्या खळग्याला. समोरचा भाग सपाट केल्यावर मधोमध बारीकसा उंचवटा राहतो, आणि बिट त्याच्यावरून घसरतं. स्क्यू पटाशी (तिरक्या धारेची पटाशी) रेस्टवर आडवी ठेवून तिचं लांब टोक बरोबर मध्यावर टेकवा आणि शंकूसारखा छोटा खळगा कापा. लेथ चालू ठेवून बिट हलकेच टेकवा. ते स्थिर राहिलं तर पुढे जा. गोल गोल फिरायला लागलं तर थांबा आणि खळगा पुन्हा कापा. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर मध्य चुकलेलं बिट सेकंदाला ५० वेळा वाकतं. भोक तोंडाशी रुंद होतं ते याच कारणाने, आणि थोड्या वेळात बिटही तुटतं.

लेथ जमेल तितका वेगात चालवा, मिनिटाला साधारण २५०० ते ३००० फेऱ्या. लाकूड तोलात फिरत नसेल, थरथरत असेल तर आधी ते दुरुस्त करा. एका वेळी १ मिमीच आत जा आणि प्रत्येक वेळी बिट पूर्ण बाहेर काढा. शिसवीचा तेलकट भुगा बिटाच्या पिळदार खाचांत लगद्यासारखा बसतो. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तो काढून बिट कोरडं पुसा. जळका वास आला की एक तर खाचा भरल्यात, नाही तर धार गेलीय. सागवानात सिलिका असते, तिथे धार फार लवकर जाते.

साध्या १ मिमी बिटाची एकूण लांबी ३४ मिमी, पण खाच जेमतेम १२ मिमी. खाच बुडाली की भुगा बाहेर यायला वाट नाही, बिट आतच आवळलं जातं. म्हणून १२ मिमीच्या आत थांबलेलं बरं. मणी लांब असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं भोक पाडा, मात्र उलटा पकडल्यावर तो अगदी मध्यावर फिरायला हवा. सर्किट बोर्डाची कार्बाइड बिटं इथे नकोत, हात जरा तिरका झाला की ती काचेसारखी फुटतात.

भोक आधी, बाहेरचा आकार नंतर. आरपार जायचं असेल तर मागे २ मिमी लाकूड जादा ठेवा. बिट बाहेर पडताना जे तंतू उचकटतात ते त्या जादा भागातच राहतात, आणि तो भाग शेवटी कापून टाकायचाच असतो.