डोरोथियाची वही: विम्बल्डन एकेरी झाली, आता दुहेरी

जुन्या सामन्यांच्या माझ्या नोंदवहीत ब्रिटिश टेनिसपटू डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सच्या विम्बल्डन एकेरीच्या ओळी एकदाच्या भरून झाल्या. ईलिंगच्या पाद्र्याची मुलगी, जन्म १८७८चा. १९०७मध्ये लग्न होईपर्यंत ती मिस डग्लस म्हणून खेळायची. वहीत दोन्ही नावं एकाच खात्यावर घेतलीत. नाहीतर १९०६ला एक खेळाडू गायब होते आणि पुढच्या वर्षी तिच्याच ताकदीची दुसरी उगवते.

विजेतेपदं सात: १९०३, ०४, ०६, १०, ११, १३, १४. हा आकडा आपल्या नोंदी ठेवणाऱ्यांत सगळ्यांना पाठ आहे. पण तेव्हा गतविजेती थेट चॅलेंज राउंडलाच, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यालाच, उतरायची आणि बाकीच्या जणी ऑल-कमर्सचा, म्हणजे गतविजेती सोडून इतर सगळ्यांचा, अख्खा ड्रॉ खेळून तिच्यापर्यंत पोचायच्या. म्हणून ‘गतविजेती की आव्हानवीर’ असा एक रकाना वाढवला, आणि सातही ओळींचं वजन बदललं. १९०४, १९११ आणि १९१४ ही विजेतेपदं एकेका सामन्यात मिळालेली. १९११ला तर डोरा बूथबीला ६-०, ६-०! उरलेल्या चार वर्षी ड्रॉ खेळावा लागला, पण १९०३ला आणि १९१३ला गतविजेती समोर आलीच नाही. १९१३ला गतविजेत्या एथेल लार्कोम्बला मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात डोळ्यावर चेंडू लागला होता.

म्हणजे ड्रॉही खेळायचा आणि वर गतविजेतीलाही लोळवायचं, हे दोनदाच घडलं: १९०६ आणि १९१०. माझं मत १९०६ला. आदल्या वर्षी अमेरिकेच्या मे सटननं तिला ६-३, ६-४ असं सरळ हरवलं होतं. त्याच सटनला तिनं ६-३, ९-७नं परत पाठवलं. १९०७ला सटननं पुन्हा वसूल केलं, ते सोडा.

१९०८च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण वेगळ्या पानावर आहे. अंतिम सामन्यात तिथेही बूथबीच, ६-१, ७-५. बिचारी बूथबी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका पराभवानं. १९१९, वर्पल रोड (विम्बल्डनचं तेव्हाचं मैदान), चॅलेंज राउंड. युद्धामुळे चार वर्षं स्पर्धाच नव्हती, त्यामुळे १९१४ची विजेती चाळिसाव्या वर्षी अजून गतविजेतीच! समोर ड्रॉ खेळून आलेली वीस वर्षांची फ्रेंच सुझान लेंग्लेन. पहिला सेट लेंग्लेनचा १०-८, दुसरा डोरोथियाचा ६-४. तिसऱ्यात १-४ अशी मागे पडून ती ६-५वर आली, सर्व्हिस स्वतःची, ४०-१५. दोन मॅच पॉइंट. पहिल्याला लेंग्लेनच्या रॅकेटच्या लाकडाला लागून चेंडू कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. दुसरा मात्र लेंग्लेननं बॅकहँडनं कमावून वाचवला. सेट गेला ९-७. एकूण ४४ गेम. महिलांच्या अंतिम सामन्यातला हा विक्रम थेट १९७०ला मार्गारेट कोर्ट आणि बिली जीन किंग यांनी ४६ गेम खेळून मोडला.

आणि हे सगळं कुठल्या कपड्यांत? १९१०च्या ‘लॉन टेनिस फॉर लेडीज’ या पुस्तकात तिनंच सांगून ठेवलंय की स्कर्ट साधा हवा, चुण्यांचा नको, जमिनीपासून चार-पाच इंच वर. १९१९ला ती साधारण त्याच थाटात होती. लेंग्लेन आखूड बाह्यांत आणि पोटरीपर्यंतच्या झग्यात.

१९२०ला ती अख्खा ड्रॉ जिंकून पुन्हा लेंग्लेनसमोर आली, पण ६-३, ६-०नं हरली. ती ओळ भरून एकेरीचं पान मिटलं.

आता दुहेरी. सुरुवात मुद्दाम उलट्या टोकाकडून केली आहे: १९२५चा वाइटमन कप (ब्रिटन आणि अमेरिकेच्या महिला संघांची लढत), न्यूयॉर्कमधलं फॉरेस्ट हिल्स. वय ४६, ब्रिटिश संघाची कर्णधार. एकेरीत एलिनर गॉसला तीन सेटमध्ये हरवलं, आणि दुहेरीत अर्मिनट्रूड हार्वीला घेऊन १०-८, ६-१. जाळ्यापलीकडच्या जोडीत मोला मॅलरीबरोबर कोण होतं? मिसेस बंडी, म्हणजे आपली १९०५ची मे सटन. तिचंही नाव बदललेलं, त्यामुळे ‘समोरासमोर’च्या (दोघींच्या आपसातल्या लढतींच्या) रकान्यात ही ओळ आपोआप येत नव्हती, हातानं जोडली. दुहेरीची लढत त्या रकान्यात धरायची की नाही, यावर तुमचा रिवाज काय?