चिठ्ठीवरचा आकडा: आठवी ते दहावीच्या वर्गांतला माझा अनुभव

सोमवार आणि गुरुवार, पहिल्या तासाची पहिली चार मिनिटं. मुलांच्या मनाची विचारपूस आम्ही एवढ्यात बसवली आहे. ती बसायला मात्र पूर्ण एक सत्र गेलं, म्हणून काय चुकत गेलं ते आधी सांगते.

सुरुवात हजेरीपासून केली. "हजर" म्हणण्याऐवजी मुलांनी 1 ते 5 मधला आकडा सांगायचा. 1 म्हणजे फार जड, 5 म्हणजे मस्त. आठवड्याभरात सगळा वर्ग "तीन, तीन, तीन" म्हणायला लागला. सगळ्यांच्या देखत "एक" म्हणायला कोण धजावेल? मग पेटी ठेवली, पण ती मुख्याध्यापकांच्या दाराशी असलेल्या तक्रारपेटीशेजारी. येणारा-जाणारा बघतो, त्यामुळे ती रिकामीच राहिली.

शेवटी चिठ्ठ्या टिकल्या. कार्यालयातले पाठकोरे कागद घ्यायचे, एका ए-फोर कागदाच्या आठ चिठ्ठ्या. 52 मुलांच्या वर्गाला सात कागद पुरतात. चिठ्ठीवर हजेरी क्रमांक आणि आकडा, हवं असेल तर एक ओळ, आणि घडी. सगळ्यांनी लिहायचं, सगळ्यांनी घडी घालायची; मग कोणी काय लिहिलं याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. चिठ्ठ्या वर्गशिक्षकच गोळा करतात, मॉनिटर नाही. आणि मधल्या सुट्टीच्या आत वाचून होतात. हा नियम आम्ही कधीही मोडत नाही. शुक्रवारी वाचू म्हणून ठेवलेली चिठ्ठी मुलाला सांगते की विचारणं नुसतं विचारण्यापुरतं होतं, आणि पुढच्या वेळी तो 3 लिहून मोकळा होतो. ज्या दिवशी वाचायला वेळ मिळणार नाही, त्या दिवशी चिठ्ठ्या वाटायच्याच नाहीत.

वाचताना दोन गोष्टी बघायच्या: लागोपाठ दोनदा 1 किंवा 2, आणि एकदम दोन किंवा त्याहून जास्त आकड्यांची घसरण. नेहमी 2 लिहिणाऱ्यापेक्षा 5 वरून 2 वर आलेल्या मुलाकडे मी आधी जाते.

पहिल्या जुलैत नववीचे आकडे आठवीपेक्षा सातत्याने खाली दिसले. अभ्यास वाढला असेल, असं आम्ही धरून चाललो. खरं कारण खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी सांगितलं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. गेल्या वर्षापर्यंत शाळेत जेवणारी मुलं नववीत गेली की सकाळी नुसत्या चहावर येतात आणि दुपारपर्यंत तशीच बसतात. चिडचिड, डोकेदुखी, मारामाऱ्या, सगळं मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. गावातून शेंगदाणे आणि गूळ मिळवला, दुसऱ्या तासानंतर प्रत्येकाला एक मूठ. आकडे वर आले. तेव्हापासून कुठल्याही मुलाशी बोलताना माझा पहिला प्रश्न "सकाळी काय खाल्लंस?" आणि दुसरा "रात्री किती वाजता झोपलास?" हाच असतो. या दोन उत्तरांत निम्मी वाट सापडते.

बोलायला जागा कुठली? शिक्षक खोली नको, बंद दार तर नकोच. व्हरांड्यातला शेवटचा बाक: सगळ्यांना दिसतो, ऐकू मात्र काही जात नाही. समोरासमोर न बसता शेजारी बसायचं. "असं का केलंस?" ऐवजी "काय झालं?" विचारायचं, आणि मग थांबायचं. ही शांतता शिक्षकांना फार जड जाते. आपण लगेच उपदेशाने ती भरतो. "एवढंसं काय मनाला लावून घेतोस" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगते ते आधी तुला सांगेन," एवढं स्पष्ट बोलायचं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेने घरगुती तडजोड करायची नसते. 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्डलाइनचा) क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा.

मरणाचा उल्लेख आला, चिठ्ठीत किंवा बोलण्यात, तर सरळ विचारायचं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मूल मोकळं होतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलवायचं, आणि 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, फोन लावायचा. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास आणि मोफत, मराठीतही बोलता येतं. आम्ही आधी शिक्षकांच्या बैठकीत स्पीकरवर हा फोन लावून पाहिला, म्हणजे ऐन वेळी हात कापत नाहीत.

पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. पालक बिचकतात ते "डोक्याचा दवाखाना" या शब्दाला, आणि बुडणाऱ्या रोजाला. म्हणून "झोप आणि भूक महिनाभर बिघडली आहे, दाखवायला हवं" असं जे खरं आहे तेच त्यांच्या भाषेत सांगते, आणि ज्या दिवशी त्यांना तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचंच असतं तो दिवस धरते.

नोंदवहीत फक्त हजेरी क्रमांक, तारीख आणि काय केलं हे लिहायचं. मुलाने सांगितलेली हकीकत लिहायची नाही. वही कुलुपात.

शिक्षकांसाठी हेच करायला गेलो तेव्हा पहिल्या दोन बैठका निव्वळ गाऱ्हाण्यांत गेल्या: सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. आधी मला वाटलं विषय भरकटला. पण ताण तिथेच होता, श्वासाचे व्यायाम त्याच्यावर काय करणार? आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसतो. पहिली आठ मिनिटं गाऱ्हाणी फळ्यावर लिहायची, त्यातलं एक त्याच आठवड्यात सोडवायचं. रात्री आठनंतर शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर काम टाकायचं नाही, हे असंच ठरलं. बदली तासाचंही तसंच: ज्याचा दिवस वाईट आहे त्याने शेजारच्या वर्गात नुसती मान हलवायची, तास कुणीतरी घेतो, कारण विचारत नाही. शिपाई मामा आणि खिचडीच्या ताई या बैठकीला असतातच. कोपऱ्यात एकटं बसणारं मूल त्यांना आमच्या आधी दिसतं.

दहावीच्या निकालाची तयारी वेगळी करावी लागते. निकाल साधारण दुपारी एकला ऑनलाइन लागतो, शाळेला सुट्टी असते आणि मूल मोबाइलसमोर एकटं असतं. मार्चमध्येच वर्गशिक्षकांनी प्रत्येकी दहा-बारा नावं वाटून घ्यायची, ज्यांचे आकडे वर्षभर खाली राहिले त्यांची आधी. निकालाच्या आदल्या संध्याकाळी एक फोन, एक वाजून गेल्यावर दुसरा. मुलाशीच बोलायचं, "किती पडले?" न विचारता. एक-दोन विषय राहिले असतील तर ए.टी.के.टी.ने (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने) अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच असते, हे त्याच फोनवर सांगायचं, आणि मग फोन आईकडे द्यायला सांगून तिलाही. फोन उचलला गेला नाही तर अर्ध्या तासात शेजारी राहणाऱ्या मुलाला त्याच्या घरी पाठवायचं. त्यासाठी कोण कुणाच्या शेजारी राहतं, ही यादी सुट्टी लागायच्या आधी करून ठेवतो.