बाबांचा लॅपटॉप आणि राहून गेलेला फॉन्ट

बाबांचा लॅपटॉप २०१३ चा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून ते अंघोळीला जायचे. बाहेर येऊन देवपूजा आटोपली की मग कुठे डेस्कटॉप दिसायचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला. विंडोज अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. आडवाटेने ते चढवता येतं म्हणे, पण ज्या मशीनला दहाच झेपत नव्हतं त्याच्या डोक्यावर अकरा कशाला ठेवायचं?

मिरजेतल्या एका दुकानदाराने तर उघडूनही पाहिलं नाही. "काका, यावर पैसे घालू नका, नवीन घ्या." बाबांनी काही न बोलता बॅगेची चेन लावली. जिल्हा परिषदेत तीस वर्षं टेबल सांभाळलेल्या माणसाला नकार ओळखता येतो.

दिवाळीला चार दिवस माहेरी होते, तेव्हा म्हटलं आपणच करू. ठरवलं ते असं: २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकायची आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, त्यातलीही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. जुनी डिस्क पुसायची नाही, काढूनच ठेवायची. हे शेवटचं मी शहाणपणाने केलं असं सांगायला आवडलं असतं. खरं कारण म्हणजे पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, भानगडीत चुकीच्या ठिकाणी क्लिक होईल ही भीती.

तरी बॅकअप घेतलाच. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो आणि अख्खा डी ड्राइव्ह. "अगं, सगळं घेतलंस ना?" बाबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हो म्हणाले.

मिंट चढवण्यासाठीचा पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर रुफस या प्रोग्रामने तयार केला. एफ-बारा दाबून बूट मेनू, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्याची यादी, आणला, तर यादीत पेनड्राइव्हच नाही. केबल नाही, पोर्ट नाही, दोष कशात शोधायचा? अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की रुफसमध्ये जीपीटी ही डिस्कच्या मांडणीची नवी पद्धत निवडली होती, आणि या मशीनचा बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, जुन्या लेगसी पद्धतीवर होता. एमबीआर ही जुनी मांडणी निवडून पेनड्राइव्ह पुन्हा बनवला आणि मिंटचा हिरवा लोगो आला. एसएसडी बसवणं त्यामानाने सोपं: खालचं झाकण, डिस्कच्या चौकटीचे चार स्क्रू. बाबांनी ते स्टीलच्या वाटीत ठेवले आणि वाटीवर बशी झाकली.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नवी कोरी डिस्क असल्याने 'सगळं पुसून टाका' हा पर्याय बिनधास्त निवडला, वीसेक मिनिटांत काम झालं. वायफाय मात्र दिसेना. कार्ड ब्रॉडकॉमचं. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेटला तोच ड्रायव्हर हवा! मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने कार्ड ओळखलं, सुटलो. मग मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. बाबांनी पहिला शब्द टाइप केला 'दुसऱ्या', मुद्दाम. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. ऱ्या नीट उमटला. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

मग त्यांनी आपली 'आठवणी' नावाची फोल्डर उघडली आणि पडद्यावर कचरा आला. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, खाली शेपट्या, मध्येच पौंडाचं चिन्ह. दुसरी फाइल, तिसरी, तेच. एकशे चाळीस फाइली. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे.

फाइल खराब नव्हती. हे सगळं लेखन त्यांनी ऑफिसच्या सवयीने सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंगच्या प्रोग्रामवर, डीव्हीबी-टीटी सुरेख या फॉन्टमध्ये केलेलं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची ही पद्धत. फाइलमध्ये 'क' साठवलेलाच नसतो, भलत्याच एका चिन्हाचा क्रमांक असतो. फॉन्ट त्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवतो. फॉन्ट नसेल तर उरतात त्या टोप्या आणि शेपट्या. आणि फॉन्ट राहतो सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. तिथे बॅकअप घ्यायला कोण जातं?

जुनी डिस्क तेव्हा टीव्हीच्या कपाटात होती. बॅकअप आहेच म्हणून रात्री मी ती फॉरमॅट करून सिनेमे भरायला नेणार होते, तसं भावाला कबूलही केलं होतं. तीनशे रुपयांची यूएसबी केसिंग त्यासाठीच आणलेली; तिच्यात घालून डिस्क जोडली. मिंटने विंडोजची डिस्क मुकाट्याने उघडली. फॉन्ट्समध्ये सुरेख होता, त्याची ठळक आवृत्तीही होती. कॉपी केला, डबल क्लिक, इन्स्टॉल. लिब्रेऑफिस, म्हणजे मिंटवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर, बंद करून पुन्हा उघडलं. टोप्या गेल्या, 'आमच्या वाड्यातील विहीर' आली.

दुसऱ्या दिवशी दोन फाइली युनिकोडमध्ये बदलून पाहिल्या. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी अधूनमधून घर चुकते. जुन्या पद्धतीत ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, त्याचा हा गोंधळ. म्हणजे प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालायला हवी. बाबा म्हणाले, रोज एक करतो. आतापर्यंत सव्वीस झाल्या आहेत. मध्येच जुनं वाक्य आवडलं नाही की ते नव्याने लिहितात, म्हणून वेग कमी.

लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. ब्राइटनेसची बटणं अजून चालत नाहीत. भावाला सिनेमांसाठी दुसरी डिस्क घे म्हणून सांगितलंय. जुनीवर बाबांनी पांढरी पट्टी चिकटवून त्यांच्या फायलींवर लिहायचे तसं लाल शाईने लिहिलंय: 'कायम जतन'.