लुशोटोतलं सर्वेक्षण आणि अडलेलं एक पत्र

टांझानियाच्या उसांबारा डोंगरात, लुशोटो जिल्ह्यात, प्लेगबद्दल लोकांना काय माहीत आहे आणि घरात ते कसे राहतात, हे विचारायला कुणी जाणार असेल तर त्याच्यासाठी लिहितेय. इथे प्लेग पहिल्यांदा 1980 मध्ये नोंदला गेला आणि पुढची वीसेक वर्षं परत परत येत राहिला.

व्हिसा, नीतिसमितीची मंजुरी, स्वाहिली प्रश्नावली, सगळं वेळेत झालं. अडलं ते जिल्ह्याच्या एका कचेरीत. वरून आणलेला परवाना गावात चालत नाही, जिल्ह्याचं शिक्क्याचं पत्र लागतं. ते लागावंच. परक्या बाईने उठून कुणाच्या झोपायच्या खोलीत डोकावणं कुठल्या गावाला खपेल? माझा संताप आहे तो "उद्या या"वर. साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. दर खेपेला पाहुण्यांच्या वहीत नाव, गाव, कामाचं कारण लिहायचं आणि बाकावर बसायचं. तिकडे मक्याची काढणी उरकत होती, कणसं घरात माळ्यावर चढत होती. मला नेमकं तेच बघायचं होतं. धान्यामागे उंदीर येतात, उंदरांबरोबर पिसवा, आणि त्याच घरात माणसं जमिनीवर अंथरूण टाकतात.

शेवटी गावातल्याच एक आरोग्यसेविका माझ्याबरोबर आल्या आणि दुपारपर्यंत पत्र हातात पडलं. मला रडूच आलं. स्थानिक माणूस पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.

गावात "प्लेग माहीत आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "उंदीर मरून पडले तर काय करता?" असं विचारा. मग खरं कळतं: कोण उचलून फेकतं, कोण दवाखान्यात कळवतं, जांघेत गाठ आली की कोण आधी वैदूकडे जातं. तिथेच जीव जातात. उपचार न झालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ दगावतात, वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वाचतात.

उंदीर मारण्याआधी पिसवांची फवारणी हवी, हेही सांगत जा. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात. माझं आजोळ बीडचं. 1993 च्या भूकंपानंतर लोक भीतीने बाहेर झोपत होते, धान्य बंद घरांत होतं, आणि 1994 ला बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला. हे सांगितल्यावर लुशोटोतल्या बायका माझ्याशी मोकळेपणी बोलू लागल्या.

पत्राच्या भरपूर प्रती काढा. प्रत्येक गावाला एक ठेवून घ्यायची असते.