भरलेली ट्रॉली ओढली जाते, पण थांबते का?

दिवाळी उरकली की कृष्णाकाठचे रस्ते ट्रॅक्टरांचे होतात. कुंडल, वाळवा, साखराळे, रेठरे, शेंद्रे, कुठल्याही कारखान्याच्या वाटेला लागा, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि ऊस फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्याच्या, वर हात-दोन हात. ट्रॅक्टर घेताना सगळे विचारतात, "किती ओढतो?" खालच्या गिअरमध्ये पन्नास एचपीचा ट्रॅक्टर वीस टन आरामात हलवतो. पण ओढायचं बळ इंजिनात असतं आणि थांबवायचं बळ मागच्या दोन टायरखालच्या वीतभर जागेत. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार त्या जागेवर.

हिशेब सरळ आहे. ट्रॅक्टरचं वजन दोन-सव्वादोन टन, त्यातलं दीड टनाच्या आसपास मागच्या चाकांवर. कोरड्या डांबरावर चांगला टायर त्यातून फार तर एक टनाचा रोध देतो. मागे दोन ट्रॉल्या, प्रत्येकीत ८ टन ऊस आणि ट्रॉलीचं आपलं २ टन. ट्रॅक्टर धरून २२ टन झाले. ते थांबवायला एक टन, आणि चाकं फिरताना आपोआप लागतो तो थोडा रोध. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला ब्रेकवर पाय ठेवायचं सुचल्यापासून थांबेपर्यंत ३० ते ३५ मीटर लागतात. ताशी ३० ला ६५ ते ७०. ताशी ४० ला शंभर मीटरच्याही पुढे. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर जवळजवळ चौपट होतं, आणि पुढचा मोटारसायकलवाला तेवढी जागा ठेवून चालत नाही.

आता उतार घ्या. दर २० मीटरला एक मीटर उतार असेल तर २२ टनांची गाडी खाली ढकलणारं बळ होतं १.१ टन. म्हणजे टायरची पकड तिथेच संपली. सपाटीवर ३५ मीटरला थांबणारी गाडी इथे शंभर मीटर ओलांडते. दर १५ मीटरला एक मीटर उतार असला तर थांबतच नाही, चाकं घासत खाली जाते. वर्धनगड घाट किंवा ताकारीजवळचा सागरेश्वर घाट सोडाच, नदीच्या पुलाकडे उतरणारा साधा रस्ताही पावसाच्या सरीनंतर असाच होतो, कारण ओल्या डांबरावर तो एक टनसुद्धा मिळत नाही.

"इंजिनावर उतरवतो की" असं बरेच जण म्हणतात. इंजिनावरच उतरवायचं, त्यात दुमत नाही. पण इंजिनाचा रोधही त्याच दोन टायरमधून रस्त्यावर जातो. ब्रेक तापत नाहीत, वेग एकसारखा राहतो, हा त्याचा फायदा. पकड मात्र वाढत नाही. म्हणून उताराच्या माथ्यावर थांबून, ज्या गिअरमध्ये तोच उतार चढला असता तो गिअर टाकूनच खाली निघायचं. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढ्या दोन सेकंदांत ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलायला लागते आणि मग गिअर परत बसत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं तर जिवाशी खेळ आहे. जास्त तीव्र उतारावर एकच ट्रॉली न्यायची, दुसरी माथ्यावर सोडून परत यायचं. खेप वाढते, खरं आहे. पण हिशेबात दुसरा मार्गच नाही.

रस्त्यावर निघण्याआधी एक गोष्ट हाताने बघा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाला वेगळं, उजव्याला वेगळं. शेतात सरीच्या टोकाला वळताना एकच दाबायची सोय आहे. दोन्ही जोडणारी लोखंडी पट्टी रस्त्यावर अडकवलेलीच पाहिजे. शेतातून निघताना ती तशीच सुटी राहते, आणि पहिल्याच घाईच्या ब्रेकला पाय एका पॅडलवर पडतो. एक चाक थांबतं, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागचे वीस टन त्याच्या कुशीत घुसतात. पट्टी अडकवूनही ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल तर दोन्ही पॅडलची मोकळी चाल सारखी नाही. ती सारखी करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

हुकाबद्दल थोडक्यात. पिन टणक पोलादाचीच पाहिजे. वर्कशॉपमधून साध्या सळईची कापून आणलेली वाकते, आणि वाकलेली पिन काढायला हातोडा लागतो. पिनीच्या खाली क्लिप हवी, खिळा किंवा तार नाही. ट्रॉलीच्या दांडीची कडी लंबगोल झाली असेल, तिच्या वेल्डिंगजवळ केसासारखी गंजाची रेघ दिसत असेल, तर तिथे चीर गेली आहे. वरून पट्टी ठोकून भागत नाही, घासून आतपर्यंत भरून घ्यावं लागतं. आणि साखळी. ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली आणि पहिली ते दुसरी, दोन्हीकडे, दांडीखालून फुलीसारखी ओवलेली. पिन तुटली तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळीवर झेलली जाते. वळताना ताणणार नाही इतकी सैल, खाली घासणार नाही इतकी आखूड.

ओढायचं ते नेहमी खालच्या हुकातून. पाणंदीत किंवा नदीकाठच्या मळीच्या ओल्या रानात ट्रॉली रुतली की दोरखंड किंवा साखळी वरच्या लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला, बांधायचा मोह होतो. मागच्या धुऱ्याच्या वरून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. सावरायला दोन सेकंदही मिळत नाहीत. पुढचं तोंड जड करायला बॉनेटवर माणसं बसवतात, ते तर डोळ्यांनी बघवत नाही. पुढच्या बंपरला बिडाची वजनं लावायची सोय कंपनीने दिलेली असते, ती वापरा. नाहीच निघाली तर अर्धी ट्रॉली उतरवा.

आता भरण्याबद्दल. किती टन भरलाय ते डोळ्याला कळत नाही. सरळ उभा वाढलेला ऊस मोळीत घट्ट बसतो, लोळलेला वाकडा ऊस पोकळी ठेवतो, त्यामुळे तेवढ्याच उंचीत टन-दीड टनाचा फरक पडू शकतो. काट्याची पावती जपून ठेवा. भरलेलं वजन, रिकामं वजन, कुठल्या रानातला ऊस आणि फाळक्याच्या किती वर होता, एवढं पावतीच्या मागे लिहीत गेलात तर आठ-दहा खेपांत आपल्या ट्रॉलीचा अंदाज पक्का बसतो. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाच्या वर जायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. एका जादा टनाचं वाहतूक भाडं त्यापुढे काहीच नाही.

दोन चाकी ट्रॉली असेल तर भार कुठे आहे हेही बघावं लागतं. ऊस मागे जास्त गेला की दांडी हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेकची पकड जाते. पुढे जास्त आला की स्टिअरिंग हलकं लागतं. धुऱ्यावर बहुतेक भार आणि हुकावर थोडासा, असं बसलं पाहिजे. चार चाकी ट्रॉलीत दुखणं वेगळं. पुढचा धुरा टर्न टेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, फिरतो, आणि तो आडवा झाला की ट्रॉलीचा पुढचा टेकू अरुंद होतो. उंच भरलेली ट्रॉली कारखान्याच्या आवारात मागे घेताना, अगदी चालत्या माणसाच्या वेगात कलंडते ती यामुळे. दोन ट्रॉल्या असतील तर मागची आतल्या बाजूला जास्त कापते. वळण बाहेरून मोठं घ्या आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही.

चाकांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नट आवळताना गोल फिरत जायचं नाही, समोरासमोरचे आवळायचे. चाक काढून लावलं असेल तर भरल्यावर पहिल्या दहा किलोमीटरला थांबून पुन्हा पाना मारायचा. सैल नटाची खूण साध्या डोळ्याला दिसते: नटाच्या कडेने रिमवर तांबूस गंजाचा ओघळ, किंवा नटाखाली चकाकणारं घासलेलं लोखंड. तो ओघळ दिसला की पाना येईपर्यंत गाडी हलवायची नाही.

बेअरिंग हंगामाच्या आधी उघडून, जुनं ग्रीस डिझेलने धुवून, नवं भरायचं. मध्ये तपासायचं तर चाक जॅकवर उचला, टायरला वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खट् असा आवाज आला तर ढिलं झालंय. हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, नट चाक जड फिरेपर्यंत आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा आणि तो फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन घालायची. जुनी कॉटर पिन सरळ करून परत घालू नका, ती तुटली तर नट सुटतो आणि चाक हबसकट निघून पुढे पळतं. रस्त्यात अर्ध्या तासाने थांबाल तेव्हा प्रत्येक हबजवळ आधी हाताची मागची बाजू न्या, मग टेकवा. कोमट चालतं. एखादाच हब चटका देत असेल तर तिथून पुढे जाऊ नका.

हवा गार टायरमध्ये तपासायची. ट्रॉलीच्या टायरवर जेवढे पौंड आणि जेवढा भार लिहिलाय तेवढाच मानायचा. हवा कमी असली की टायरची कुशी सतत वाकते, तापते आणि फुटते. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर घालायचेच असतील तर एका धुऱ्यावर दोन्ही सारखे घाला. आणि गाण्यांचा साउंड बंद ठेवा. बेअरिंग किरकिरतं, पाटा तुटतो, मागून कोणी हॉर्न देतो, यातलं काहीही त्या आवाजात कळत नाही.

रात्री आणि डिसेंबरातल्या पहाटेच्या धुक्यात मागून येणाऱ्याला उसाची ट्रॉली दिसतच नाही. हिरवट काळा ढीग, दिवे नाहीत. मागे लाल आणि बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावलेले असतात, पण लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, त्यांच्यावर येतं किंवा पाणंदीचा चिखल बसतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी वाढं कोयत्याने छाटा आणि रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने पुसा. मागच्या ट्रॉलीलासुद्धा, कारण मागून येणाऱ्याला दिसते ती तीच.

टायर फुटला तर गाडी होईल तेवढी डांबराच्या बाहेर घ्या, चाकाला पुढून-मागून दगड लावा आणि परावर्तक त्रिकोण किमान पन्नास पावलं मागे ठेवा. त्रिकोण नसतो म्हणून रस्त्यावर दगडांची रांग लावतात, आणि काम झालं की ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथेच राहतात. अंधारात त्यावर पडणारा मोटारसायकलवाला आपल्याच गावचा असतो. जॅक काढला की आधी सगळे दगड उचलून बांधाला टाका, मग चावी फिरवा.