पोरगं बाद होऊन बसतं तेव्हा

थंडी पडली की ठाणे-नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, दिवा, कळवा, कोपरी या पट्ट्यात प्रकाशझोतातली कबड्डी सुरू होते. सामना सुटला की चहाच्या टपरीवर विषय ठरलेला असतो: हल्लीच्या पोरांना माज आलाय. कुमार गटातल्या मुलांबद्दल तर हे हमखास ऐकू येतं. एक गुण घेतला की मांडीवर थाप मारतो, बाद झाला की तोंड पाडून बसतो, पंचांकडे हातवारे करतो, पकडीला कोणी जात नाही, रीलसाठी उड्या मारतात. यातलं काही खरं आहेच. पण ज्याला आपण माज म्हणतो, त्यात बरेचदा शिकवण्यातली चूक असते, कधी रिकाम्या पोटाची गोष्ट असते, आणि कधी नियम आपल्यालाच नीट माहीत नसतो. तिन्ही वेगळं ओळखायला शिकलं पाहिजे, नाहीतर चांगलं पोरगं आपल्या बोलण्यानं खेळ सोडून जातं.

आधी एक लक्षात घेऊ. कुमार म्हणजे वीस वर्षांच्या आतला आणि ७० किलोच्या आतला मुलगा. मुलींसाठी वजनाची मर्यादा ६५ किलो. कुमार मुलांना मैदान मात्र पुरुषांचंच, १३ बाय १० मीटर, आणि वेळही पुरुषांइतकाच, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. काल-परवापर्यंत किशोर गटात छोट्या मैदानावर, पंधरा मिनिटांच्या डावात खेळणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा या मापात एकदम येऊन पडतो. पहिलं वर्ष त्याचं पाय आणि दम जमवण्यातच जातं. उत्तरार्धात तो सुस्त दिसला तर लगेच नाव ठेवू नये.

आता बाद होऊन बसणं. लोक हमखास ओरडतात, "अरे, त्याला आत घ्या की!" कर्णधाराला वाटेल त्याला आत घेता येत नाही. ज्या क्रमानं गडी बाद झाले, त्याच क्रमानं ते आत येतात. संघाचा मुख्य रेडर, म्हणजे चढाई करणारा, तिसऱ्या क्रमांकावर बाद झाला असेल, तर त्याच्या आधीचे दोघं आत येईपर्यंत तो बसणारच. त्यातही बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या बोनसच्या गुणावर कोणी आत येत नाही, आणि मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या अव्वल पकडीचा जो जादा गुण मिळतो त्यावरही नाही. समोरचा गडी बाद झाला तरच आपला एक उठतो. लोण चढला, म्हणजे अख्खा संघ बाद झाला, तर मात्र सगळे एकदम आत.

म्हणजे मुख्य रेडर एका सामन्यात दहा-बारा मिनिटं सहज बाहेर काढतो. त्याची वृत्ती बघायची असेल तर ती दहा-बारा मिनिटं बघा, मांडीवरची थाप नको. चांगला मुलगा बाहेर बसून दोन गोष्टी करत असतो. आपला नंबर कितवा, हे त्याला कायम माहीत असतं. विचारलं की लगेच सांगतो. आणि त्याची नजर समोरच्या रेडरच्या पायांवर असते: कुठल्या बाजूनं शिरतो, उजवा पाय पुढे ठेवतो की डावा, परत फिरताना पाठ कोणाला देतो. आत गेल्यावर पहिल्याच चढाईआधी तो आपल्या कोपऱ्याच्या, म्हणजे टोकाला उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या, कानात काहीतरी सांगतो. हे सांगणारा मुलगा तोंड पाडून बसलेला दिसला तरी चालेल. हसत-खेळत बसून स्कोअरबोर्डकडेच बघणाऱ्या मुलाची काळजी जास्त करावी. बाहेर बसलेल्यांना "समोरचा रेडर शेवटच्या तीन चढायांत कुठून आला?" असं दर विश्रांतीत विचारायची सवय प्रशिक्षकानं लावली, तर महिन्याभरात फरक दिसतो.

दुसरी तक्रार रिकाम्या चढाईची. "नुसता जाऊन येतो, वेळ काढतो." एक चढाई तीस सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. आता हिशेब करा. चार मिनिटं उरली आहेत आणि संघ पाच गुणांनी पुढे आहे. प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंद चालली तर साधारण आठ चढाया होतील, आपल्या वाट्याला चार. त्यातल्या दोन रिकाम्या, तिसरी जोखमीची, चौथी पुन्हा रिकामी. म्हणजे आपल्याला एकदाच जीव धोक्यात घालायचा आहे. ज्या पोरानं हे ओळखून पहिल्या दोन चढायांत निदान रेषा (कोणाला न शिवता परतायचं तर जी ओलांडावीच लागते ती) ओलांडून अठ्ठावीस सेकंद काढले, त्यानं संघासाठी खेळ केला. त्याच वेळी तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला बोनसवर झेप घेऊन पकडला जाणारा मुलगा टाळ्या मिळवतो आणि सामना घालवतो. आपण टाळ्या कोणाला देतो यावर मुलं शिकतात.

रिकामी चढाईही नीट यावी लागते. निदान रेषा मध्य रेषेपासून ३.७५ मीटरवर. ती ओलांडली असं कधी धरतात? पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्या क्षणी शरीराचा कुठलाही भाग मध्य रेषा नि निदान रेषा यांच्यामधल्या जमिनीला लागलेला नको. म्हणजे मागचा पाय हवेत हवा. थकलेलं पोरगं पुढचा पाय पलीकडे टाकतं, मागचा पाय घासत आणतं, आणि पंच बाद देतात. पोरगं चिडतं, बाहेरून आपण पंचांवर ओरडतो. पंच बरोबर असतात. बोनसचंही तसंच, तिथेही मागचा पाय उचललेला लागतो, आणि समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. यावर उपाय साधा आहे. जमिनीवर चुन्यानं रेषा मारायची आणि सरावाच्या शेवटी, दमलेलं असतानाच, प्रत्येक पायानं पंधरा वेळा रेषा ओलांडून मागचा पाय उचलायचा. ताजं असताना केलेला हा सराव फारसा कामाचा नाही, कारण चूक दमल्यावरच होते.

आता पकड. "कव्हर गेलाच नाही, घाबरला." कव्हर म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहणारा बचावपटू. हा आरोप सगळ्यात सहज केला जातो आणि सगळ्यात कमी वेळा खरा असतो. घोटा पकड जवळून बघा. कोपरा खाली वाकून उभा असतो, वजन चवड्यांवर. रेडरचा पुढचा पाय टेकला आणि त्यावर वजन आलं, त्याच क्षणी जायचं. पाय हवेत असताना गेलं तर रेडर तो नुसता ओढून घेतो आणि कोपरा रिकामे हात घेऊन तोंडावर पडतो. एक हात टाचेच्या वर मागून, दुसरा घोट्यावर पुढून, पाय छातीशी ओढून घ्यायचा आणि आपलं वजन मागे टाकायचं. डोकं रेडरच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला. गुडघ्यासमोर डोकं नेलं तर गुडघा कपाळावर बसतो; कुमार गटातल्या वाईट दुखापती बऱ्याचदा अशाच होतात.

इथपर्यंत कोपऱ्याचं काम. पण एकट्या कोपऱ्याला ताकदीचा रेडर दोन पावलं फरपटत नेतो, सूर मारतो, आणि बोटं मध्य रेषेला लागतात. म्हणून कोपऱ्याचा हात लागल्याबरोबर कव्हरनं रेडर आणि मध्य रेषा यांच्यामध्ये शिरायचं असतं. मागून येऊन पाठीवर पडून उपयोग नाही. आणि इथेच तो नियम आहे जो बाहेरच्यांना दिसत नाही: रेडर सुटून गेला तर त्याला ज्या-ज्या गड्याचा हात लागला ते सगळे बाद. कव्हर उशिरा जाऊन नुसता चिकटला तर एकाऐवजी दोन गुण जातात. त्यामुळे जायचं तर पहिल्या सेकंदात, नाहीतर हात मागे. न गेलेल्या कव्हरनं अनेकदा एक गुण वाचवलेला असतो. तो घाबरला की त्यानं विचार केला, हे त्याच्या पायांवरून कळतं. विचार करणाऱ्याचे पाय रेडरच्या वाटेकडे दोन पावलं सरकलेले असतात, घाबरलेल्याचे जागच्या जागी.

साखळीत बोटांत बोटं अडकवून उभी राहणारी मुलं तर पदोपदी दिसतात. झटका बसला की बोट मुरगळतं, मग पुढचे सामने तो हात देत नाही, आणि आपण म्हणतो सहकार्य करत नाही. हात पंज्याच्या आकड्यात धरायला शिकवा, लगेच सुटेल असा.

तीन गडी उरले की खरी मजा. त्यांनी पकड केली तर अव्वल पकड, म्हणजे दोन गुण. समोर तीनच असल्यानं रेडरला बोनस मिळत नाही, म्हणून मागे राहून त्याला खोल येऊ द्यायचं. शहाणी पोरं तसंच करतात. घाईतली पोरं निदान रेषेवरच झेपावतात.

वजनाचं प्रकरण मात्र मनाला लागतं. वजन सहसा स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी होतं. ७२ किलोचा मुलगा आदल्या दिवशी दुपारपासून जेवत नाही, पाणी बंद करतो, जॅकेट घालून पळतो, सकाळी काट्यावर ६९.८ दाखवतो. सगळे खूश. दोन किलो गेलं ते पाणी गेलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मग भुकेनं वडापाव आणि थंडगार सरबत पोटात ढकललं जातं. संध्याकाळी उत्तरार्धात पोटरीत गोळा येतो, पोरगं पाय धरून बसतं, आणि गॅलरीतून आवाज येतो, "नाटकं बघा!" हे नाटक नव्हे. तोंड कोरडं, डोळे आत, पंच विचारतात ते त्याला धड ऐकूही येत नाही. चिडचिड, उलट उत्तरं, पंचांशी वाद हे सगळं त्या कोरड्या अंगातूनही येतं.

हे टाळता येतं. ज्याचं वजन मर्यादेच्या आसपास आहे त्याला महिनाभर आधी दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, उपाशीपोटी तोलायचं. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही. स्पर्धेआधी आठ दिवस तो ६९ वर असला की शेवटच्या रात्री काही करावं लागत नाही. ७३-७४ चा, अजून उंची वाढणारा मुलगा असेल तर सरळ पुरुष गटाच्या सरावात घ्यावा. वाढीच्या अंगाला उपाशी ठेवून कुमारमध्ये कोंबू नये. वजन झाल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी थोडं थोडं करून तासाभरात लिटरभर, सोबत केळी, मग भात-वरण. तळलेलं रात्री सामना झाल्यावर.

मॅटबद्दल थोडक्यात. खाडीलगतच्या मैदानात रात्री दव पडतं, मॅट ओलं होतं, पाय सटकतो. दर सामन्याआधी कोरड्या फडक्यानं पुसावं आणि जोड उचकटलेत का ते हातानं दाबून बघावं. उचललेल्या जोडात अंगठा अडकला की घोटा गेला.

उड्यांचं खापर प्रो कबड्डीवर फुटतं. २०१४ साली ती सुरू झाली आणि २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबा जिंकली, तेव्हा आजची कुमार पोरं शिशुवर्गात नाहीतर प्राथमिक शाळेत होती. मोठी होताना त्यांनी मोबाइलवर उड्याच पाहिल्या. पण अनुपचं वैशिष्ट्य उडी नव्हतंच. शांत चेहरा, बोनस, आणि नको तिथे हात न घालणं, हे होतं. उडी वाईट नाही. बचावपटू खाली वाकलेले आहेत, मध्य रेषा एका झेपेवर आहे, मागे वळायला जागा नाही, तेव्हा उडी हाच उपाय. बोनस रेषेवरून मारलेली उडी म्हणजे हवेत पकडून घ्या असं आमंत्रण. मुलाला उडी मारू नको सांगण्यापेक्षा कुठून मारायची ते सांगा.

पंचांशी हुज्जत घालणं मात्र कुठल्याही कारणानं माफ करू नये. बोलायचं ते कर्णधारानं. हिरवं कार्ड ताकीद, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. दोन मिनिटं एक गडी कमी म्हणजे चार-पाच चढाया. याची सवय सरावात लावायची: सराव सामन्यातही शिट्टी बाहेरच्या माणसाच्या हातात द्यावी, आणि वाद घालणाऱ्याला तिथेच दोन मिनिटं बसवावं.

आणि आपण, दोरीबाहेरचे. एका डावात प्रत्येक संघाला तीस सेकंदांच्या दोनच विश्रांती. त्या अर्ध्या मिनिटात प्रशिक्षक बोलतो, त्याच वेळी वडील एकीकडून "बोनस घे", काका दुसरीकडून "पाय मार" ओरडतात. पोरगं मान तिघांकडे हलवतं आणि आत जाऊन कोणाचंच करत नाही. त्या तीस सेकंदांत तरी गप्प राहावं.

पुढच्या सामन्याला एक वही घेऊन बसा. एकच पोरगं निवडा, शक्यतो कव्हर. तीन रकाने पाडा: पकडीला दुसरा म्हणून किती वेळा वेळेत गेला, किती वेळा उशिरा गेला, बाहेर बसून आल्यावर किती वेळा सोबत्याशी बोलला. गुण लिहू नका, ते टेबलावर लिहिले जातातच. सामना संपल्यावर ते पान फाडून प्रशिक्षकाच्या हातात द्या, पोराच्या हातात नको. बहुतेक मंडळांत ही नोंद करणारं कोणीच नसतं.