सहा हजार येनचा शिक्का

फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेच्या वेळी मी तोक्योत होतो असं कळलं की लोक पहिल्यांदा रेडिएशनबद्दल विचारतात. किती होतं, भीती वाटली का. एका लग्नाच्या पंगतीत तर 'केस गळले का?' असंही विचारून झालंय. (गळले, पण ते वयानं.) मला मात्र त्या दिवसांतली आठवते ती रांग. इमिग्रेशन ऑफिसबाहेरची.

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. भूकंप, ट्रेन बंद, चालत घर गाठणं, हे सगळं पुष्कळांनी लिहून झालंय, त्यामुळे ते सोडतो. शनिवारी दुपारी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, सोमवारी तिसऱ्या. टीव्हीवर कामगारांसारखं निळं जॅकेट घातलेले एदानो, मंत्रिमंडळाचे तेव्हाचे मुख्य सचिव, रात्री-अपरात्री माहिती देत होते. प्रकल्प आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर, म्हणजे साधारण पुणे-कोल्हापूर. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कोल्हापूर काय लांब आहे?" तिकडे गावी, राजापुरात, मराठी चॅनेलवर तोच स्फोट दिवसभर फिरवून फिरवून दाखवत होते. घरात सात महिन्यांचं बाळ. ठरलं, काही दिवस गावी जायचं.

तिथेच अडलं. त्या काळी जपानमध्ये राहण्याचा व्हिसा असलेल्यानं देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी 'परत येण्याची परवानगी' घ्यावी लागायची. ती न घेता विमानात बसलात की व्हिसा गेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं. एका खेपेचे तीन हजार येन, अनेक खेपांचे सहा हजार. पासपोर्टात चिकटवायचे ते स्टिकरच, पण आम्ही त्याला शिक्का म्हणायचो. जानेवारीत व्हिसा वाढवून घेतला तेव्हा ऑफिसातल्या मित्रानं बजावलं होतं, लगेच शिक्का मारून घे. मी म्हटलं, वर्षभर कुठे जायचंय? सहा हजार येन म्हणजे तेव्हाचे तीन-सव्वातीन हजार रुपये, ते वाचवले. बायको बाळंतपणाला माहेरी जाताना अनेक खेपांचा शिक्का घेऊन गेली होती, तिचं भागलं. उरलो मी आणि बाळ.

बुधवारी, १६ तारखेला, साडेनऊला पोचलो. रांग इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेली होती. एक सुरक्षारक्षक 'रांगेचा शेवट इथे' अशी पाटी घेऊन उभा होता आणि दर पाच मिनिटांनी दहा पावलं मागे सरकत होता. म्हणजे आपण पुढे जात नाही, शेवट मागे जातोय. चार वाजता खिडक्या बंद झाल्या तेव्हा मला दार दिसत होतं. नुसतं दिसत होतं.

गुरुवारी पहिल्या ट्रेननं निघून सव्वापाचला हजर. पुढे तरीही शे-दीडशे माणसं. थंडी अशी की बोटं दुमडेनात. माझ्या पुढे एक चिनी विद्यार्थिनी भल्यामोठ्या सुटकेसवर बसली होती. तिचं विमान त्याच रात्रीचं. मागे एका हॉटेलातला नेपाळी आचारी. त्यानं खिशातलं काइरो, म्हणजे ते चोळलं की गरम होणारं पाकीट, काढून माझ्या हातात कोंबलं. "दाजू, माझ्याकडे दुसरं आहे," असं हिंदीत म्हणाला. नव्हतं. नंतर तो हात काखेत घालून उभा होता.

आणि एवढ्या गर्दीत आवाज कुणाचाच नाही. आपल्याकडे तहसीलदार कचेरीत वीस माणसं जमली तरी पाच जण 'साहेबांना ओळखतो' म्हणून पुढे घुसतात. इथे शेकडो माणसं देश सोडायला आलेली आणि रांगेतलं अंतरसुद्धा सारखं. मला त्या शिस्तीचं कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर चीड येत होती. कुणीतरी ओरडावं असं वाटत होतं.

आत गेल्यावर फॉर्म. नाव, पत्ता, जाण्याचं ठिकाण, कारण. कारणात 'घरी भेट' लिहिलं. पुढचा रकाना: परत येण्याची अपेक्षित तारीख. पेन तिथेच थांबलं. कुठली तारीख? अणुभट्टीवर त्या दिवशी हेलिकॉप्टरमधून पाणी ओतत होते. आजूबाजूला बघितलं तर अर्धे लोक त्याच रकान्यावर अडकलेले, शेजारच्याच्या कागदात डोकावणारे, परीक्षेत डोकावतात तसे. मी १० एप्रिल लिहिलं. का १० एप्रिल, ते आजही सांगता येणार नाही.

(हे इथे आठवलं म्हणून: फीचे रेव्हेन्यू स्टॅम्प पोस्टातही मिळतात, आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचे. मला हे तिथल्या स्टॅम्पच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर कळलं.)

दुपारी खिडकीशी पोचलो. माझं काम झालं. मग बाळाचा पासपोर्ट, फॉर्म आणि... बाळाचं परदेशी नागरिक कार्ड नाही. बायकोनं भूकंपाची पिशवी भरली होती, दाराशी ठेवायची ती. टॉर्च, पाणी, बिस्किटं आणि सगळी महत्त्वाची कागदपत्रं. पासपोर्ट मी काढून घेतले होते. कार्ड पिशवीतच. खिडकीतल्या बाईंनी चारदा 'माफ करा' म्हटलं आणि फॉर्म परत दिला. शुक्रवारी पुन्हा पहिली ट्रेन, पुन्हा रांग. बाळाचा शिक्का मिळाला तेव्हा मी इतका दमलो होतो की आनंदही झाला नाही.

कागद एका जागी ठेवा हा सल्ला सगळे देतात. मी म्हणतो, ती जागा दोघांनाही माहीत असू द्या.

तिकिटं २५ तारखेची मिळाली. त्याआधी २३ ला तोक्योतल्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन-१३१ सापडलं, किलोला २१० बेकरेल. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १००. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला, पण बाळामागे ५५० मिलीच्या तीन बाटल्या मिळाल्या. भाजी घेताना पाकिटावर प्रांताचं नाव वाचायची सवय तेव्हाच लागली. फुकुशिमा, इबाराकी, तोचिगी, गुन्मा: जपानी क्लासमध्ये न शिकलेली ही चित्राक्षरं मी पालकाच्या पाकिटावरून शिकलो.

गावी गेलो तर तिथे वेगळंच. जैतापूरचा अणुप्रकल्प व्हायचा तो आमच्याच तालुक्यात, त्याविरुद्ध आंदोलन पेटलेलं. घरी येणारा प्रत्येक जण 'तू तिकडून आलास, तूच सांग' म्हणायचा. एका बाजूचे म्हणायचे घाबरलास म्हणून आलास ना. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे परत जातोयस ना, मग काय धोका? मी चहा पीत बसायचो.

एकटाच परतलो, १६ एप्रिलला. फॉर्मावरच्या तारखेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वीज वाचवायला स्टेशनं अर्धी अंधारात, सरकते जिने बंद. पळून गेलेल्या परदेशी लोकांना एव्हाना 'फ्लायजिन' म्हणायला लागले होते, म्हणजे उडून गेलेले 'गायजिन', परदेशी. ऑफिसात कुणी तोंडावर म्हटलं नाही. मी फणसपोळीचे तुकडे वाटले, सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतले. माझं काम तीन आठवडे ज्यानं सांभाळलं, त्यानं फक्त "आई बरी आहे का?" एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

आता जाणाऱ्यांसाठी: ९ जुलै २०१२ पासून नियम बदललाय. वर्षाच्या आत परतणार असाल आणि रेसिडेन्स कार्ड चालू असेल तर आधी शिक्का लागत नाही, फक्त विमानतळावरच्या निर्गमन कार्डावर परत येण्याच्या चौकोनात खूण करायची. ती विसरू नका.

माझ्या त्या सहा हजारांच्या शिक्क्यावर व्हिसा संपेपर्यंत एकच खेप झाली. विषय निघाला की बायको म्हणते, "तीन हजारांचाच घ्यायचा होतास."